आर्किटेक्चरची इंटर्नशिप पुण्यात करताय? फर्म शोधण्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत

ऑफिसातल्या तिसऱ्या दिवशी सरांनी माझ्या हातात टेप दिला आणि एरंडवण्यातला एक जुना फ्लॅट मोजून आणायला सांगितलं. ज्युरीसमोर (कॉलेजात काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर) तासभर कन्सेप्ट समजावून सांगायची मला सवय होती, पण स्वयंपाकघराचा कोपरा काटकोनात आहे का, हे बघायचं काही मला सुचलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते ओघात येईलच.

कॉलेजात आपण रेघ काढतो, ती भिंतीवर लागते, मार्क मिळतात आणि शीट गुंडाळून माळ्यावर जाते. ऑफिसात काढलेली रेघ कुणीतरी वाचतो आणि तिच्याप्रमाणे दगड कापतो, सळई वाकवतो, भिंत उभी करतो. हा फरक अंगात मुरवायला इंटर्नशिप असते, असं मला आज पाच वर्षं काम केल्यावर मनापासून वाटतं. आमच्या ऑफिसात दर सहामाहीला नवी मुलं येतात. कुणी पुण्यातल्याच कॉलेजची, कुणी कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगरहून आलेली. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच इथे जरा नीट लिहून काढलंय.

ऑफिस कसं शोधायचं

बी. आर्क.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, त्यातलं एक सत्र प्रत्यक्ष कामाचं. साधारण सोळा आठवडे. शोधाशोध किमान तीन-चार महिने आधी सुरू करा. बऱ्याच कॉलेजांची मुलं एकाच सुमारास अर्ज करतात, आणि चांगल्या ऑफिसात जागा दोन किंवा तीन असतात.

आधी एक गोष्ट तपासा. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. तुमच्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर अशाच व्यक्तीची सही लागते. नोंदणी क्रमांक 'सीए', मग वर्ष, मग आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. ऑफिसची पाटी मोठी आहे, सोशल मीडियावर फोटो सुंदर आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. आतलं काम देखणं, पण सही करणारं कुणी नोंदणीकृत नाही, असं शेवटच्या आठवड्यात कळलं तर अख्खं सत्र अडकतं. आणि हो, आपणही डिग्री घेऊन नोंदणी होईपर्यंत नावाआधी 'आर्किटेक्ट' लिहायचं नाही, इन्स्टाग्रामवरसुद्धा नाही.

मग प्रश्न येतो कुठल्या प्रकारच्या ऑफिसात जायचं. पुण्यात आज सगळ्यात जास्त काम पुनर्विकासाचं आहे. कोथरूड, एरंडवणे, प्रभात रोड, सहकारनगर इथल्या जुन्या सोसायट्या पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहताहेत. अशा ऑफिसात गेलात तर नियम, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), सोसायटीच्या मीटिंगा आणि महापालिकेची कागदपत्रं भरपूर बघायला मिळतील. डिझाइनला वाव थोडा कमी. इंटिरियरच्या ऑफिसात काम झटपट पुढे सरकतं. सोळा आठवड्यांत एखादा फ्लॅट तोडफोडीपासून पडदे लागेपर्यंत बघून होतो, आणि हा अनुभव फार मोलाचा आहे. मोठ्या फर्ममध्ये टाउनशिप आणि आयटी पार्क असतात, पण तुमच्या वाट्याला कदाचित टॉयलेटचे टाइल लेआउटच येतील. वारसा जतनाचं काम करणारी ऑफिसं मोजकी आहेत. तिथे जायला मिळालं तर जरूर जा, कारण वाड्याचं माप 'खणा'त घेतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. लाकडी सांगाड्यात विटा आणि चुना कसा बसवलाय हे हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

माझं मत विचाराल तर पाच ते पंधरा माणसांचं ऑफिस आधी बघा. मुख्य आर्किटेक्ट तुमच्या स्क्रीनपर्यंत चालत येतो आणि साइट चालू असते. मुलाखतीत हा प्रश्न सरळ विचारा: "सध्या कुठली साइट कुठल्या टप्प्यावर आहे, आणि मला तिथे आठवड्यातून किती वेळा जाता येईल?" उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. मानधन किती आणि कधी, शनिवार चालू का, लॅपटॉप आपला की त्यांचा, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. विचारण्यात कमीपणा नाही. कोंढव्याहून बाणेरला रोज गाडीनं जाणाऱ्या मुलीचं अर्धं मानधन पेट्रोलमध्ये जातं, हा हिशेब आधीच केलेला बरा.

पोर्टफोलिओ आणि मेल

पीडीएफ पंधरा-वीस पानांचा, दहा एमबीच्या आत. त्याहून जड फाइल मोबाइलवर उघडत नाही, आणि बहुतेक जण ती मोबाइलवरच बघतात. रेंडर (संगणकावर बनवलेली, फोटोसारखी चित्रं) कमी ठेवा. मी आता मुलांचे पोर्टफोलिओ बघते तेव्हा तीन गोष्टी शोधते. हातानं काढलेलं एखादं स्केच, एक तरी नीट माप टाकलेला सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं ड्रॉइंग), आणि एखादं पान जिथे विद्यार्थ्यानं कुठलीतरी अडचण कशी सोडवली ते दिसतं. सात सुंदर रेंडरपेक्षा जिन्याचा एक व्यवस्थित सेक्शन मला जास्त काही सांगतो. गटानं केलेलं काम असेल तर त्यात तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा. मॉडेल दुसऱ्यानं केलं असेल तर त्याचं नाव घाला.

मेल चार-पाच ओळींचा. कोण, कुठल्या कॉलेजचे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि याच ऑफिसात का. हा शेवटचा मुद्दा प्रत्येक ऑफिससाठी वेगळा लिहायचा असतो. तीस ऑफिसांचे पत्ते एकाच मेलमध्ये टाकून पाठवलेला अर्ज कुणी वाचत नाही. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, दुपारी चार-पाचच्या सुमारास. सकाळी सगळे साइटवर असतात.

पहिला आठवडा

सोबत ठेवायच्या वस्तू: पाच मीटरचा स्वतःचा टेप, वही, दोन रंगांची पेनं, बंद बूट. सँडल घालून साइटवर जायचं नाही. वही कोऱ्या पानांची घ्या, कारण तुम्ही लिहिण्यापेक्षा काढणार जास्त आहात.

पहिल्या आठवड्यात कुणीही तुम्हाला डिझाइन देणार नाही. जुन्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त्या, प्रिंट काढणं, फाइली लावणं अशीच कामं येतील. या दिवसांचा एक चांगला उपयोग आहे. ऑफिसात पूर्ण झालेल्या एखाद्या इमारतीचा अख्खा संच मागून घ्या आणि पहिल्या शीटपासून शेवटच्यापर्यंत वाचा. सेंटरलाइन (खांब-भिंतींच्या मध्यरेषा), फुटिंग (खांबाचा पाया), कॉलम (खांब), प्रत्येक मजल्याचा वर्किंग प्लॅन, दारं-खिडक्यांचा तक्ता, टॉयलेट डिटेल, जिन्याचं डिटेल, इलेक्ट्रिकल, ड्रेनेज. साध्या चार मजली इमारतीलाही किती शीट लागतात हे बघून मी चक्रावले होते. मग ती इमारत प्रत्यक्ष जाऊन बघा. प्रिंट हातात धरून.

कॅडची शिस्त

कॉलेजात आपलं ड्रॉइंग आपणच उघडतो. इथे कॅडमधली, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधली, तीच फाइल सहा जण उघडतात, म्हणून ऑफिसच्या लेयरची (ड्रॉइंगच्या थरांची) नावं, रेघांची जाडी आणि प्लॉट स्टाइल (प्रिंटची ठरलेली सेटिंग) जशी आहे तशीच वापरायची. तुम्हाला तुमची पद्धत जास्त चांगली वाटली तरी. मिलिमीटरमध्ये काढायचं, एकास एक प्रमाणात, आणि शीटचं प्रमाण लेआउटच्या व्ह्यूपोर्टमध्ये (छापायच्या पानावरच्या चौकटीत) ठरवून कुलूप लावायचं. माप हातानं टाइप करून बदलायचं नाही, कधीच नाही. भिंत ११५ काढलीय आणि आकडा १५० लिहिलाय, असं ड्रॉइंग म्हणजे मिस्त्रीला दिलेला खोटा शब्द आहे.

दुसरी शिस्त रिव्हिजनची. आर-शून्य, आर-एक, आर-दोन. बदल कुठे केला तिथे ढगासारख्या रेघेनं वेढा काढा, टायटल ब्लॉकमध्ये तारीख आणि एक ओळ लिहा, जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-सरांनी-बघितलेलं' अशी नावं ठेवू नका. साइटवर कुठली प्रिंट गेली, कुणी घेतली, कधी, याची नोंद ठेवणारी वही प्रत्येक ऑफिसात असते किंवा असायला हवी. ती भरण्याचं काम इंटर्नकडेच येतं. ते मन लावून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ड्रॉइंगही त्या वहीत यायला हवं, कारण आज निम्मी साइट व्हॉट्सअ‍ॅपवरच चालते आणि जुना फोटो वर सरकून पुन्हा पुढे येतो.

फ्लॅट मोजायला गेल्यावर

आता त्या एरंडवण्यातल्या फ्लॅटकडे येते. सत्तरच्या दशकातली इमारत, आजी एकट्या राहायच्या, मुलगा आणि सून परत पुण्यात राहायला येणार म्हणून घर नव्यानं करायचं होतं. मी आणि दुसरा एक इंटर्न गेलो. आजींनी चहा दिला. आम्ही प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घेतली, दारं-खिडक्या घेतल्या, दीड तासात परतलो आणि फार खूश होतो.

स्वयंपाकघर आतून ३००० बाय २४०० निघालं, म्हणजे दहा फूट बाय आठ फुटांच्या जवळपास. मी ते काटकोनात काढलं. त्यावर ओट्याचं ड्रॉइंग झालं, एल आकाराचा ओटा, २४०० ची एक बाजू पूर्ण. ग्रॅनाइट कापून आला. मिस्त्रींनी तो कोपऱ्यात बसवला आणि लांब बाजूच्या टोकाला भिंत आणि दगड यांच्यात चार सेंटिमीटरची फट राहिली. बोटं आत जात होती.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, समोरच्या कोपऱ्यात धरायला सांगितलं आणि कर्ण मोजला. ३००० आणि २४०० च्या काटकोनी खोलीत तो ३८४२ यायला हवा. आला ३८७४. कोपरा नव्वद अंशांचा नव्हताच, एक्याण्णवच्या आसपास होता. एका अंशानं २४०० च्या टोकाला ४२ मिलिमीटर फरक पडतो. हे गणित मला येत होतं, नववीपासून येत होतं. मी कर्ण घेतला नव्हता, एवढंच.

सर रागावले नाहीत. "दगड परत कापायचे पैसे आजींकडून घ्यायचे का?" एवढंच त्यांनी विचारलं. शेवटी त्याच ग्रॅनाइटच्या उरलेल्या तुकड्यातून निमुळती पट्टी कापून फट बुजवली. भांडी घासताना ती समोरच दिसते. नंतर एकदा त्या घरी गेले होते तेव्हा माझी नजर आधी तिकडे गेली.

म्हणून मोजणीची पद्धत सविस्तर सांगते.

दोघांनी जायचं, एकानं मोजायचं, एकानं लिहायचं, आणि ही कामं मधेच बदलायची नाहीत. आधी घरभर फिरून हातानं कच्चा नकाशा काढा, एका खोलीला एक पान. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात करून सलग वाढती मापं घ्या: कोपऱ्यापासून दाराची कड, दाराची दुसरी कड, खिडकी, पुढचा कोपरा, सगळी शून्यापासून. तुकड्या-तुकड्यांनी मोजलं की प्रत्येक तुकड्यातली चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. कोपरा संशयास्पद वाटला तर एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट यायला हवं.

मग उंच्या. फरशी ते स्लॅब, फरशी ते बीमचा तळ, खिडकीचं सिल (खालची कड), लिंटेल (वरची आडवी पट्टी). जुन्या घरात दोन खोल्यांच्या फरशीतही फरक असतो, तो घ्या. भिंतींची जाडी दारात उभं राहून मोजता येते. नऊ इंची आहे की साडेचार इंची हे गिलाव्यासकट लिहा. बीम आणि कॉलम कुठे आहेत ते आवर्जून, कारण उद्या कुणीतरी "ही भिंत काढू" म्हणणार आहे. टॉयलेटमध्ये नहाणी ट्रॅप, पाण्याच्या लाइनी आणि डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी). विजेचे बोर्ड, गीझर, एसीची भोकं. सगळ्यात शेवटी प्रत्येक भिंतीचा समोरून एक फोटो, त्याच क्रमानं ज्या क्रमानं मोजलंय.

निघण्याआधी तिथेच बसून बेरजा करा. आतल्या खोल्या अधिक भिंती बरोबर बाहेरचं माप येतं का? नाही आलं तर अजून टेप हातात आहे. ऑफिसात गेल्यावर ते कळलं तर पुन्हा आजींना फोन, पुन्हा रिक्षा.

महापालिकेचं ड्रॉइंग

हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. मला तो हळूहळू आवडायला लागला, कारण शहर असं का दिसतं याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती डाउनलोड करून घ्या. सगळी वाचायची गरज नाही. आधी चार गोष्टी शोधायला शिका: रस्त्याच्या रुंदीप्रमाणे किती एफएसआय मिळतो, उंचीप्रमाणे बाजूची मोकळी जागा किती सोडायची, पार्किंग किती, जिन्याची आणि पॅसेजची रुंदी किती. प्लॉट कुणाच्या हद्दीत आहे हे त्याआधी बघायचं. कोथरूड पुणे महापालिकेत, आकुर्डी पिंपरी-चिंचवडमध्ये, हद्दीबाहेरची बरीच गावं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), आणि कॅन्टोन्मेंटचं सगळंच वेगळं.

कागदपत्रांची नावं कानावर पडू लागतील. सातबारा उतारा, प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, झोन दाखला, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. प्रत्येक कागद एकदा उघडून वाचा. मोजणी नकाशावरच्या प्लॉटचा आकार आणि सातबारावरचं क्षेत्र जुळत नसेल तर साधारणपणे कमी असेल ते धरून हिशेब सुरू करतात, हे मला एका वयस्कर ड्राफ्ट्समन काकांनी समजावलं. तेच गुंठ्यांत विचार करायला शिकवायचे. जमीनमालक चौरस मीटरमध्ये कधीच बोलत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या थोडं वर.

मंजुरीच्या नकाशात रंगांना अर्थ असतो. प्लॉटची हद्द जाड काळी, नवं काम लाल, पाडायचं काम पिवळं. आता तपासणी संगणकावर होते, त्यामुळे लेयरचं नाव एका अक्षरानं चुकलं किंवा क्षेत्रफळाची पॉलीलाइन कुठेतरी उघडी राहिली की फाइल परत येते. क्षेत्रफळाचा तक्ता भरताना बिल्टअप (भिंतींसकट बांधलेलं क्षेत्र) आणि रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातला कार्पेट (घरात वापरायचं क्षेत्र) यांची गल्लत करू नका. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. घर घेणारा माणूस त्या आकड्यावर आयुष्याची कमाई लावतो.

साइटवर

साइटवर गेलात की आधी मुकादमाला किंवा सुपरवायझरला सांगा की आलोय. हेल्मेट घाला, नसेल तर मागा. परातीत पाय पडणार नाही, उघड्या डक्टजवळ मागे सरकत फोटो काढणार नाही, याची काळजी तुमची तुम्ही घ्यायची. बोलताना 'काका', 'मामा', 'मिस्त्री' म्हणा आणि अहो-जाहो करा. बरेचसे कारागीर बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात, हिंदी चालते. ज्यांच्या हाताला वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना ऑर्डर सोडायची नसते. ड्रॉइंग दाखवून विचारायचं, "हे असं जमेल का?" त्यातूनच मला जास्त शिकायला मिळालं.

भाषा शिकायला लागते. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असलं तरी साइट फूट, इंच आणि सुतात बोलते. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या थोडं वर. "दोन सूत मारून घ्या" म्हटलं की किती हे लगेच कळायला हवं. वाळू, खडी, खोदाई ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. उभी रेषा बघायला ओळंबा, समपातळी बघायला पाणी भरलेली लेव्हल ट्यूब, काटकोनाला गुण्या, आणि लाइनआउटच्या दिवशी जमिनीवर मारलेली पांढरी फक्की. आपण काढलेला प्लॅन खऱ्या मापात जमिनीवर फक्कीनं उमटलेला बघणं यासारखा दिवस नाही. त्या सकाळी साइटवर असायचंच, ऑफिसात कितीही काम असो. खोली किती लहान दिसते ते बघा. भिंती चढल्या की ती परत मोठी वाटायला लागते.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी तपासणीला जायला मिळालं तर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर सळया बघतो. त्याच्या मागे मागे फिरा आणि काय बघतोय ते लिहा. सळईच्या खाली कव्हर ब्लॉक (सळई आणि काँक्रीटची बाहेरची बाजू यांत अंतर राखणारे ठोकळे) आहेत का? स्लॅबला साधारण २० ते २५ मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. हे कव्हर कमी पडलं की काही वर्षांनी सळई गंजून प्लास्टर फुगतं, पुण्यातल्या कितीतरी जुन्या गॅलऱ्यांच्या तळाला ते दिसतं. उभ्या-आडव्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक आत १३५ अंशांत वळलेत की नुसते काटकोनात? सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फटींतून सिमेंटचा रस गळणार नाही ना? मग तुमचं काम: टॉयलेटचा स्लॅब खाली घेतलाय का, पंख्यांचे हूक आणि विजेचे पाइप ड्रॉइंगप्रमाणे आहेत का, पाणी जायची भोकं सोडलीत का. काँक्रीट पडल्यावर यातलं काहीही बदलायचं म्हणजे ब्रेकर लावायचा.

काँक्रीट आल्यावर शंकूनं स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे ते) बघतात आणि १५० मिलिमीटरचे क्यूब भरतात. ते ७ आणि २८ दिवसांनी दाबून तपासतात. क्यूबवर तारीख घातली का ते बघा. त्यानंतर पाणी मारणं, निदान सात दिवस, मिश्रणात राख वगैरे असेल तर दहा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची कोरडी हवा स्लॅबचं पाणी तासाभरात शोषून घेते. वाफे करून पाणी साठवलंय की फक्त नळी फिरवलीय, हे दुपारी तीन वाजता गेल्याशिवाय कळत नाही.

जिना हा इंटर्नचा खरा गुरू. राहत्या इमारतीत पायरीची रुंदी २५० पेक्षा कमी नको आणि उंची १९० पेक्षा जास्त नको, हे नियमात आहे. पण एक गोष्ट साइटवरच कळते. स्लॅब ते स्लॅब उंची पायऱ्यांनी भागून ड्रॉइंग बरोबर येतं, आणि मग खालच्या मजल्याच्या फरशीची जाडी वेगळी, जिन्यावरच्या ग्रॅनाइटची वेगळी, म्हणून पहिली किंवा शेवटची पायरी चुकते. चढताना पाय तिथेच अडखळतो. तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजायचं आणि त्यातून फरशीची जाडी वजा करत काँक्रीटची पातळी काढायची.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी साइट रिपोर्ट लिहा. तारीख, कोण होतं, काय बघितलं, काय ठरलं, कुणी करायचं. अर्धं पान पुरतं.

बाजार

एखादा शनिवार काढून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आणि रविवार पेठेत बोहरी आळीत फिरून या. प्लायवूडची कड जवळून बघा, बिजागऱ्या हातात घेऊन वजन बघा, भाव विचारा. दुकानदाराला विद्यार्थी आहे असं खरं सांगितलं तर गर्दी नसताना तो मनापासून समजावतो. अप्पा बळवंत चौकातून मॉडेलचं सामान आणण्यापलीकडे मला बाजार माहीत नव्हता, आणि त्यामुळे मी काढलेलं पहिलं फर्निचर बनवता येण्यासारखं नव्हतं. आठ बाय चारच्या प्लायमधून तुकडे कसे निघतात हा विचार मी केलाच नव्हता.

अडचण आली तर

सतत रात्री नऊ-दहापर्यंत थांबवणं, ठरलेलं मानधन न देणं, सोळा आठवडे फक्त रेंडर करून घेणं, हे घडतं. माझ्या एका मैत्रिणीला तर साइटच दाखवली नव्हती. पहिल्या महिन्याच्या शेवटी वहीतली कामाची यादी घेऊन सरांशी किंवा मॅडमशी बसा आणि म्हणा, "आतापर्यंत हे केलं, मला साइट आणि वर्किंग ड्रॉइंग शिकायचंय." बहुतेक ठिकाणी एवढ्यानं फरक पडतो. नाही पडला तर कॉलेजच्या प्रशिक्षण समन्वयकांना लवकर कळवा. बाराव्या आठवड्यात सांगून उपयोग नसतो.

कुणी लैंगिक छळ केला, मग तो ऑफिसात असो की साइटवर, तर २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, लहान ऑफिससाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलींनो, साइटवर एकटीला पाठवत असतील आणि मन मानत नसेल तर सोबत मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटचे दोन आठवडे

लॉगबुक रोजच्या रोज भरलं असेल तर आता फक्त सही घ्यायची उरते. दाखल्यावर तारखा, कामाचं स्वरूप, सही, शिक्का आणि सीए क्रमांक आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. तारखांमध्ये दोन दिवस कमी पडले म्हणून परत पळावं लागलेली मुलं मी बघितलीत.

तुम्ही केलेली ड्रॉइंग ऑफिसची आणि ग्राहकाची असतात. पोर्टफोलिओत काय घालू शकतो ते लेखी विचारा. परवानगी मिळाली तर ऑफिसचं नाव आणि आपला वाटा दोन्ही लिहायचं. ग्राहकाचं नाव आणि पत्ता पुसून टाकायचा. पेन ड्राइव्हवर गुपचूप फाइली नेऊ नका. त्यापेक्षा तुमची वही न्या. त्यातली हातानं काढलेली डिटेलं तुमचीच आहेत.

आणि जाण्याआधी एक पान लिहून पुढच्या इंटर्नसाठी ठेवा. कुठल्या फाइलचं कुठलं रिव्हिजन चालू आहे, साइटवर कुठली प्रिंट आहे, कुठलं माप अजून तपासायचं राहिलंय. मी ठेवलेल्या पानावर पहिली ओळ होती: स्वयंपाकघराचे दोन्ही कर्ण घेणे.